रिकाम्या टाकीला दाणे घालणाऱ्या काकू

पुण्यात खरोखर प्रामाणिक माणसं किती, याची मोजणी कुणी हाती घेतलीच, तर ती बिबवेवाडीतल्या माझ्या घरमालकीण काकूंपासून सुरू करावी लागेल, आणि मला भीती आहे की ती बहुधा तिथेच आटोपती घ्यावी लागेल. हे मी विचारपूर्वक लिहिते आहे. मोठी विधानं करायची मला लहानपणापासून सवय आहे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आई संघटनेत, बाबा संघटनेत, आणि मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं ओळखायला शिकले. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘गवत’ यांच्या आधी वाचता येत होते. अशा मुलीला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, आपल्या बाजूची आणि समोरच्या बाजूची. काकू यांपैकी कोणत्या, हे त्यांच्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहूनही मला ठरवता आलं नाही.

काकू एकतीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या. निवृत्त होऊन घरी आल्या त्या प्रयोगशाळा बरोबर घेऊनच. त्यांच्या स्वयंपाकघरात हळद, तिखट, गोडा मसाला हे सगळं तपकिरी काचेच्या बाटल्यांत असे, आणि प्रत्येक बाटलीवर नाव आणि भरल्याची तारीख. चहाचं पाणी त्या मोजपात्राने मोजत, आणि मोजताना कमरेत वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणत. एकदा मी त्यांच्याकडे चहा केला. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “साखर किती घातलीस?” मी म्हटलं, “अंदाजाने.” त्यांनी कप शांतपणे खाली ठेवला. “अंदाज हे माप नाही. पुन्हा असाच चहा हवा असेल तर काय करशील?” मी म्हटलं, “आवडला का?” त्या म्हणाल्या, “आवडला, म्हणून तर विचारते.”

आणि स्वच्छता. काकूंच्या स्वच्छतेबद्दल आमच्या गल्लीत दबक्या आवाजात बोललं जाई. भांडं आधी नळाखाली, मग गरम पाण्यातून, मग उजेडासमोर धरून एका डोळ्याने तपासणी, आणि कुठे डाग दिसला तर सगळं पहिल्यापासून. पाहुण्याच्या हातातला कप संपता संपता त्या ओट्याशी उभ्या राहत. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणायचे, “यांच्याकडे चहा प्यायचा तर एका दमात प्यावा. मध्ये बोललात की कप गेला.” मी सुरुवातीला त्यांना मॅडम म्हणत असे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी ते बंद केलं. “मॅडम वर्गात असतात. मी लॅबमध्ये होते. काकू म्हण.”

हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पण त्यात एकतीस वर्षं होती. ती मला हळूहळू कळली. शाळेत प्रयोगाच्या तासाला सगळी मांडणी काकूंची. द्रावणं त्यांची, नळ्या त्यांच्या, दिव्याची वातसुद्धा त्यांनी कातरलेली. मग सर येत, प्रयोग करून दाखवत, मुलं टाळ्या वाजवत. प्रयोग फसला की सर मुलांकडे वळून म्हणत, “द्रावण नीट बनवलेलं दिसत नाही,” आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत शेरा पडे, ‘सहायकाची चूक’. माझं रक्त उसळलं. मी म्हटलं, “काकू, तुम्ही लेखी तक्रार का नाही केलीत?” त्या म्हणाल्या, “तक्रारीने काय झालं असतं? मला तक्रार करायची नव्हती. मला प्रयोग करायचा होता.”

निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल आणि नारळ दिला. घरी येताना त्यांनी स्वतःच्या पैशाने एक नवी कोरी प्रयोगवही घेतली, एक पान रेघांचं आणि एक पान आकृतीसाठी कोरं, तशी. आयुष्यात एक तरी प्रयोग ‘उद्देश’पासून ‘अनुमान’पर्यंत आपला असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पण प्रयोग कसला, ते सापडेना. वही दोन वर्षं कपाटात पडून होती.

तो सापडला शनिवार पेठेत, एका दाताच्या डॉक्टरांकडे. बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. काकूंनी पाहिलं, तर सगळे मासे दाण्यांवर तुटून पडलेले, आणि एक पिवळी मादी तोंड घट्ट मिटून कोपऱ्यात उभी. तिचा जबडा गलगंड झाल्यासारखा फुगलेला. काकूंनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “ही आजारी आहे का?” ती म्हणाली, “नाही हो, तिच्या तोंडात पिल्लं आहेत. अंडी घातली की तोंडात घेते आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तीन आठवडे काही खात नाही.” काकू आपला दात विसरल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमचे दात उत्तम आहेत.” काकू म्हणाल्या, “ते मला माहीत आहे. मासा कसा आहे?” पण नेमकं तोंड उघडण्याचा दिवस त्यांना मिळालाच नाही. रविवारी दवाखाना बंद होता, आणि पिल्लं रविवारीच बाहेर आली. त्या संध्याकाळी कपाटातली वही निघाली आणि पहिल्या पानावर ओळ पडली: ‘उद्देश: सिक्लिड जातीची मादी पिल्ले तोंडात वाढवून कशी सोडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे.’

मी अर्थातच विरोध केला. तत्त्वाचा प्रश्न होता. एक तर मुक्त जिवाला काचेत कोंडणं, आणि दुसरं म्हणजे पाणी. मी त्यांना ऐकवलं, की याच शहराच्या कडेला माणसं टँकरची वाट पाहत उभी असतात, आणि आपण माशांसाठी दोनशे लिटर पाणी भरून ठेवणार. काकूंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “टाकीतलं पाणी दर आठवड्याला थोडं काढायचं असतं. ते कुंड्यांना घालणार आहे मी. तू सकाळी वीस मिनिटं शॉवरखाली असतेस, ते कुठे जातं?” मी त्या दिवसापासून बादलीने आंघोळ करू लागले. विरोध मागे घेतल्याचं मी कुठे जाहीर केलं नाही.

पाण्याची गंमत पुढे आहे. आमच्या गल्लीतल्या सहा घरांत मिळून एक बोअर आहे, आणि तिच्या पाण्याला सहाही घरं एकमुखाने शिव्या देतात. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढतो. काकूंनी ते पाणी परीक्षानळीत घेऊन तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हे पिवळे सिक्लिड आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातले, आणि त्यांना लागतं नेमकं असंच जड, क्षारांनी भरलेलं पाणी. “बघ,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं सगळे या पाण्याला नावं ठेवतात. त्याला योग्य ठिकाणी कुणी नेमलं नव्हतं, इतकंच.”

टाकी आली, बोअरचं पाणी भरलं गेलं, गाळणी बुडबुडू लागली. मग काकू रोज सकाळी आठ वाजता टाकीत चिमूटभर दाणे टाकू लागल्या. टाकीत मासे नव्हते. एक आठवडा गेला, दोन गेले, मासे नव्हतेच. शेजारचे काका एकदा येऊन बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. “मासे दिसत नाहीत,” ते म्हणाले. काकू म्हणाल्या, “नाहीच दिसणार. अजून आणलेले नाहीत.” “मग हे दाणे कुणाला?” “जिवाणूंना.” काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “यांच्या मुलाला कळवायला हवं का गं, नागपूरला?” खरं कारण साधं होतं. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया साठतो आणि मासे मरतात. तो खाऊन टाकणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात, आणि त्यांना बोलवायचं तर आधी पाण्यात थोडं काही कुजू द्यावं लागतं. हे काम पाच-सहा आठवड्यांचं. काकू रोज नळीत पाणी घेऊन थेंब टाकत, नळी पांढऱ्या कागदासमोर धरत, हिरवा म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे शून्य, आणि हिरवा किती फिका झाला ते वहीत लिहीत. मासळीच्या दुकानात नव्हे, पण माशांच्या दुकानात जाऊन कुणीही त्याच दिवशी टाकी भरून आणू शकतो. काकूंनी बेचाळीस दिवस रिकाम्या टाकीला दाणे घातले. आमच्या संघटनेत एवढा धीर असता तर आज महाराष्ट्र वेगळा दिसला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

शेवटी मासे आले. आठ पिवळेधमक, बोटाएवढे. दुकानदार म्हणाला होता, “पहिल्यांदाच करताय तर यलो लॅब घ्या, त्यातल्या त्यात शांत असतात.” लॅब हे नाव ऐकल्यावर काकूंनी दुसरे पाहिलेच नाहीत. टाकीत दगडांची रचना त्यांनी वहीतल्या आकृतीप्रमाणे केली होती, एकेका दगडाला बाण काढून नाव दिलेलं: गुहा क्रमांक एक, गुहा क्रमांक दोन, मोकळी जागा. माशांनी पहिल्याच दिवशी तोंडाने वाळू उपसून मोकळ्या जागेत डोंगर केला आणि गुहा क्रमांक दोन बुजवून टाकली. काकूंनी वाळू सारखी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर. मला वाटलं, आता या चिडणार. त्यांनी आकृती खोडली आणि माशांनी केली होती तशी नवी काढली. “आकृती वस्तूप्रमाणे असते,” त्या म्हणाल्या. “वस्तू आकृतीप्रमाणे नसते.” हे वाक्य मी आमच्या पुढच्या बैठकीत माझं म्हणून वापरलं.

पाच महिन्यांनी एका मादीने तोंड मिटलं. काकूंनी मला वरून हाक मारली, “अगं, खाली ये, आणि जिन्यावर धपधप करू नकोस.” ती गुहा क्रमांक एकच्या दाराशी उभी होती, गालात सुपारी धरल्यासारखी. दाणे पडले, सगळे धावले, ती हलली नाही. काकूंनी नाक काचेला लावलं. त्यांची कमाल म्हणजे त्यांनी स्वतःही त्या दिवशी दुपारचं जेवण उशिरा केलं, आणि का ते सांगितलं नाही. आता प्रश्न फक्त तीन आठवड्यांचा होता.

आणि इथे काकूंच्या हातून ती गोष्ट घडली, जी बिबवेवाडीत फक्त त्यांच्याच हातून घडू शकली असती. घरात बाळंतीण आहे, तर सगळं लख्ख असावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी गाळणी उघडली. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, बघवेना असा. तो त्यांनी नळाखाली धुतला. मग उकळत्या पाण्यातून काढला. मग उन्हात वाळवला. मग उजेडासमोर धरून एका डोळ्याने तपासला. डाग नव्हता. समाधानाने त्यांनी तो परत बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. एक तळाशी आडवा पडला होता. तोंड मिटलेली मादी कोपऱ्यात, कल्ले भराभर हलवत. काकूंनी नळी भरली, थेंब टाकले, आणि पाणी पानासारखं हिरवंगार झालं. अमोनिया. मी कामाला लागले. माझ्या कामाची पद्धत अशी, की आधी दोषी कोण ते ठरवायचं. गल्लीच्या तोंडाशी नवीन इमारतीचं काम चालू होतं, म्हणजे बिल्डरने बोअरशेजारी काहीतरी सोडलं असणार. मी मोबाईलवर मथळाही लिहून टाकला: ‘बिबवेवाडीचे पाणी कुणी विषारी केले?’ काकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “थांब. आधी वही बघू.”

त्या अर्धं पाणी बदलत होत्या, बादलीमागून बादली, आणि मी त्यांच्या सांगण्यावरून वही मागे मागे वाचत होते. दाणे तेच. पाणी तेच. बोअरची तपासणी त्याच सकाळची, निर्दोष. मग तीन दिवसांपूर्वीची नोंद आली. मी मोठ्याने वाचली, “स्पंज नळाखाली धुतला. उकळत्या पाण्यातून काढला. उन्हात वाळवला. अत्यंत स्वच्छ.” काकूंच्या हातातली बादली तशीच राहिली. बेचाळीस दिवस दाणे घालून वसवलेली वस्ती त्यांनी स्वतःच्या हाताने उकळून मारली होती.

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, “काकू, दुकानदाराने सांगायला हवं होतं. त्याचीच जबाबदारी.” त्यांनी बादली खाली ठेवली, हात पुसले, वही माझ्याकडून घेतली. पेन उघडून लिहिलं, ‘चूक:’. त्यांच्या हाताला जी सवय होती ती मला दिसली, कारण पुढे त्यांनी ‘सहाय’ एवढं लिहिलंसुद्धा. मग ते एका सरळ रेघेने खोडलं आणि लिहिलं, ‘प्रयोगकर्तीची.’ आमच्या घरातल्या गठ्ठ्यांतली सगळी पत्रकं मी मनातल्या मनात चाळली. एकातही ‘चूक आमची’ असं छापलेलं मला आठवेना. मी मोबाईलवरचा मथळा पुसून टाकला.

“आता उपाय,” काकू म्हणाल्या. उपाय एकच होता, दुसऱ्या कुणाच्या चालू टाकीतला, वस्ती असलेला स्पंज. आम्ही रिक्षाने दुकानात गेलो. काकू म्हणाल्या, “तुमच्याकडचा सगळ्यात घाण स्पंज द्या.” दुकानदाराने नवा काढला. “हा घ्या, धुवायलाही सोपा.” काकू म्हणाल्या, “धुण्याचं नाव काढू नका. घाणच हवाय. जितका घाण तितका बरा.” तो म्हणाला, “काकू, इतकी वर्षं दुकान चालवतोय. लोक घाण देऊन जातात, मागायला पहिल्यांदाच कुणी आलं.” पण त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने मागच्या मोठ्या टाकीच्या गाळणीतून एक काळपट, वास मारणारा गोळा काढला आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. तो ओलाच राहायला हवा होता, म्हणून काकूंनी घरून स्टीलचा डबा आणला होता, पुऱ्या ठेवायचा. परतीच्या रिक्षात तो डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. खड्डा आला की काळं पाणी उडून त्यांच्या पांढऱ्या साडीवर पडे. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “मावशी, काय आहे त्यात, वास येतोय.” काकू म्हणाल्या, “माणसं आहेत. हळू चालव.”

त्या आठवड्यात दोन मासे गेले. काकूंनी त्यांची नोंद केली आणि त्यांना तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं. रोज पाणी बदललं, रोज नळी पाहिली. हिरवा रंग फिका होत गेला. मादीने मात्र तोंड उघडलं नाही. त्रास झाला की अशा माद्या अंडी थुंकतात किंवा गिळून टाकतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं. ही सुकून कागदासारखी झाली, पण तोंड मिटूनच राहिली. काकू तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. एकदा म्हणाल्या, “मी तिला उकळत्या पाण्याने मारायला निघाले होते, आणि ही अजून माझ्या टाकीवर विश्वास ठेवून आहे.”

एकविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. मीच पायऱ्या उतरून आले तेव्हा त्या काचेसमोर बसल्या होत्या. मादीने गुहेच्या दाराशी तोंड किंचित उघडलं, आणि तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बाहेर आलं, दोन डोळे असलेलं. मग आणखी एक. मग भराभर. मी हलले तशी तिने ती सगळी पुन्हा तोंडात ओढून घेतली. काकूंनी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. मी जिन्यावरच बसले. तिने पुन्हा तोंड उघडलं. काकू ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. “नऊ,” त्या म्हणाल्या, “दहावं दगडामागे.” दहापैकी तीनच वाढली, बाकीची इतर माशांनी खाल्ली. तेही त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. ‘अनुमान’ या शब्दाखाली काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. त्यांनी दाखवलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माहितीचा अधिकार वापरावासा मला वाटला नाही.

आता मी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात राहते. नोकरी तिकडे लागली, खोली सोडली. महिन्यातून एखाद्या रविवारी बिबवेवाडीला जाते. ती तीन पिल्लं आता आईएवढी झाली आहेत, आणि कोणती कोणती ते फक्त काकूंना कळतं. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी नळी माझ्यासमोर धरली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आणि पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो ते हल्ली त्यांना उमगत नाही. हे त्या सांगत नाहीत. एवढंच म्हणाल्या, “कुठला आहे?”

मी कमरेत वाकून, नळी डोळ्यांच्या पातळीला आणून पाहिलं. “पिवळा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी स्वतः पडताळलं नाही. वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं, ‘अमोनिया: शून्य. रंग पाहणारी:’ आणि पुढे माझं नाव, आडनावासकट, सरळ, सुटं, एकेक अक्षर जपून. मी आजवर किती पत्रकांवर नाव घातलं असेल याची गणती नाही. मी वही मिटायला हात पुढे केला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “शाई ओली आहे.” मग आम्ही दोघी काचेसमोर बसून राहिलो, शाई वाळेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ.